न धरलेलं सुतक

रिबकाने भाजलेले शेंगदाणे सुपात घोळवले, तळहातांनी चोळून टरफलं फुंकरीने उडवली आणि दाणे मिक्सरच्या भांड्यात ओतले.

"लई बारीक करू नगा बाई," उंबऱ्याशी बसलेली तानाबाई म्हणाली. "आमटी जरा रवाळच ब्येस लागती."

"तिला बारीक आवडते."

"मग करा तसंच. खाल्लं म्हंजे झालं की."

तानाबाई बाळंतिणींना तेल लावायला आणि लेकरांना न्हाऊ घालायला गडमुडशिंगीहून रोज सकाळच्या बसने राजारामपुरीत यायची. या घरात ती लागली होती वरच्या मजल्यावरच्या अबेनासाठी. त्यातलं लेकराला न्हाऊ घालायचं काम काल संपलं. काल पहाटे ते पोर दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतच दगावलं. गेल्या शुक्रवारी जन्मलेलं, आठवडाही भरला नव्हता. दुपारपर्यंत त्याचा बाप क्वाकू आणि विद्यापीठातले दोघे मित्र त्याला पुरूनही आले. आईचं काम मात्र राहिलंच होतं. दूध काही कुणाला विचारून थांबत नाही. आज तानाबाईने तिची छाती जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधली होती आणि आता खाली येऊन हात धुऊन बसली होती.

"येक टिपूस न्हाय बगा डोळ्यात," ती म्हणाली. "मी पट्टी आवळतोय, दुखतंय का म्हनून खुणंनं इचारतोय, तर बया आपली भितीकडं बगून बसलीया. दगूड झालीया नुस्ती. आनी पांढरा झगा घातलाय. त्यांच्यात बी दुखात पांढरंच असतंय वाटतं."

"असेल."

"न्हाय, म्या म्हंतो, दात न आलेल्या लेकराचं सुतक आमच्यात बी धरत न्हाईत. वय काय तिचं? दुसरं हुईल म्हनावं. तुमी सांगा, तुमचं ऐकती ती."

रिबकाने मिक्सरचं बटण दाबलं. त्या घरघराटात तानाबाई आणखी काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. दाण्यांचं केव्हाच पीठ झालं तरी रिबकाचं बोट बटणावरून निघालं नाही.

रिबका कोर्लेकर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. नवरा शलोम बँकेत होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नफ्ताली इस्रायलात, अश्दोदला. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ती ख्रिश्चन वाटायची आणि उरलेल्या निम्म्यांना पारशी. आम्ही बेने इस्रायल, यहुदी, दोन हजार वर्षं कोकणातलेच, हे सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. आता तो नाद तिने सोडून दिला होता. आणि मग एके दिवशी घानाच्या कुमासी गावाहून आलेली ही पोरगी, नवऱ्यासोबत खोली बघायला म्हणून दारात उभी राहिली. चौकटीवर तिरकी ठोकलेली छोटी डबी तिने बोटाने चाचपली आणि विचारलं, "तुमचे पूर्वज यात राहतात का?"

रिबकाला हसू फुटलं. त्या डबीत देवाचे शब्द लिहिलेली गुंडाळी असते, हे तिने समजावलं. अबेनाने मान डोलावली आणि डबीला लावलेलं बोट ओठांना टेकवलं. कुणी शिकवलं नव्हतं, तरी अगदी तसंच करायचं असतं. खोली तिथल्या तिथे ठरली.

त्या दिवसापासून दोघींचा खेळच सुरू झाला. दुपारची कामं आटपली की जिन्याच्या पायरीवर बसायचं आणि आमच्यात असं, तुमच्यात कसं, हे एकमेकींना विचारायचं. बोलणं इंग्रजीत, पण "आमच्यात" हा शब्द अबेनाने मराठीतूनच उचलला होता. अबेना रविवारी चर्चला जायची, पण जन्म-मरणाची गोष्ट निघाली की तिच्या घरी आजीचाच शब्द चाले, आणि आजीचा शब्द चर्चपेक्षा पुष्कळ जुना.

"आमच्यात कूळ आईकडून," अबेना म्हणायची.

"आमच्यातही! आई यहुदी तर लेकरू यहुदी."

"आमच्यात देव एकच. पण तो फार वर असतो. बारीकसारीक गोष्टींसाठी त्याला कोण त्रास देणार? त्यासाठी पूर्वज. त्यांना पाण्याची धार सोडायची आणि नाव घेऊन सांगायचं."

"आमच्यात मधे कुणी नाही. सगळं थेट देवाला."

"सगळं? मग तो दमत नाही?"

मग रिबकानेच कबूल केलं की नवस बोलायचा झाला की कोकणातले यहुदी एलियाहू पैगंबराला हाक मारतात. पोहे, खोबरं, गूळ यांचा मलिदा करून त्याच्या नावाने वाटतात.

"मग आहे की मधे कुणीतरी!" अबेना टाळी देऊन म्हणाली होती. त्या दिवशी दोघी इतक्या हसल्या की समोरच्या क्लासमधली पोरं खिडकीत आली.

आणि आठवा दिवस. तो तर दोन्हीकडे होता. रिबकाच्यात मुलाची सुंता आठव्या दिवशी आणि त्याच वेळी नाव. अबेनाच्यातही नाव आठव्याच दिवशी. घरातल्या चांगल्या माणसाने बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा थेंब ठेवायचा, मग दारूचा, आणि त्याला सांगायचं, पाणी असेल तर पाणीच म्हण, दारू असेल तर दारूच म्हण. इथे परमुलखात ते काम रिबकाने करायचं ठरलं होतं. दारूऐवजी मनुकांचं सरबत चालेल, आमच्यात शब्बाथला, आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, तेच असतं, एवढी सूट तिने मागून घेतली होती. तो आठवा दिवस उद्या होता.

सगळ्याची तुलना झाली होती. फक्त नाव ठेवायच्या आधीच गेलेल्या लेकराचं काय, हे एकीनेही दुसरीला विचारलं नव्हतं. पोटुशीपुढे असलं कुणी बोलतं का?

आमटीला उकळी आली. रिबकाने वाटीत घालून वर झाकण ठेवलं, बाजूला भात वाढला आणि ताट घेऊन ती जिना चढू लागली. या घरात आल्यावर पहिल्यांदा ही आमटी खाल्ली तेव्हा अबेनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अगदी आमच्या घरच्यासारखी, म्हणाली होती. दुसरं काही नाही तर निदान दोन घास तरी पोटात जातील, एवढाच रिबकाचा विचार.

दार उघडंच होतं. क्वाकू दवाखान्यातली काही कामं उरकायला गेला होता. पाळणा त्याने रात्रीच गच्चीवर नेऊन ठेवला होता आणि फरशीवर पाळण्याच्या पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. अबेना पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा झगा, डोक्याला पांढराच रुमाल. हातात फोन, नुकताच ठेवलेला.

रिबकाने ताट स्टुलावर ठेवलं आणि वाटीवरचं झाकण काढलं.

वास आला तशी अबेना उठली आणि मागे सरत पार भिंतीला जाऊन टेकली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

"हे करायला. माझ्या आईने फोन केला ना? का क्वाकूने सांगितलं?"

"मला कोण कशाला सांगेल?" रिबका गोंधळून गेली. "तुला आवडते म्हणून केली. घरची आठवण येते म्हणायचीस."

अबेनाने तिच्याकडे बघितलं आणि ती हसली.

"आंटी, आमच्यात हे जेवण अशाच आईला घालतात. जिचं बाळ आठ दिवसांच्या आत गेलं, तिला. शेंगदाण्याचं सार, आणि पांढरे कपडे."

"दुःखाचे ना?"

"आनंदाचे. दुःखाचं लाल आणि काळं असतं. पांढरं आनंदाचं."

रिबका तिथल्या खुर्चीवर बसली. अबेना भिंतीला टेकूनच बोलत राहिली, धडा म्हणून दाखवावा तशी. आठ दिवसांपर्यंत ते बाळ नसतंच, पाहुणा असतो. पलीकडच्या जगात त्याची दुसरी एक आई असते. तिने हाक मारली की तो निघून जातो. राहिला, तर आठव्या दिवशी नाव देऊन त्याला माणसांत घ्यायचं. गेला, तर रडायचं नाही. रडलं की त्याला चटक लागते. तो पुन्हापुन्हा येतो आणि पुन्हापुन्हा जातो. म्हणून चांगले कपडे घालायचे, पोटभर जेवायचं, नव्या नवरीसारखं नवऱ्याजवळ जायचं. त्याला समजलं पाहिजे, की तुझ्यावाचून इथे कुणाचं काही अडलं नाही.

"आईने आत्ता विचारलं, कपडे घातलेस का? मी फोन लांब धरून दाखवले. सार केलंस का, म्हणाली. वाईट नाही हो माझी आई. तिच्या आईची अशी चार गेली. चारही वेळा ती पांढरं घालून जेवायला बसली, म्हणून तर पाचवी माझी आई राहिली, असं सांगतात." अबेनाने झगा मुठीत धरला. "मी पांढरं घातलं, आंटी. पण ते सार मला गिळवणार नाही. ते गिळलं तर तो नव्हताच असं होईल. तो होता. माझं बोट धरून ठेवायचा."

"आमच्यातही—"

खेळाची सवय. शब्द तोंडातून निघून गेला.

"तुमच्यातही काय?"

"आमच्यातही महिना न भरलेल्या लेकराचं सुतक धरत नाहीत."

"का?"

"शास्त्र आहे तसं. त्या काळी लेकरं फार जायची. दर वेळी आई-बापांनी सात दिवस जमिनीवर बसायचं म्हटलं तर घर कसं चालायचं? दयेपोटीच केलेला नियम आहे तो, पोरी. कुणी वाईट मनाने केलेला नाही."

"आमचाही नाही," अबेना म्हणाली. मग तिने विचारलं, "तुमच्यात सांगतात म्हणून माहीत आहे, की तुम्ही बघितलंय?"

खालच्या गल्लीतून रिक्षा गेली. रिबकाने मांडीवरचे हात उलटे केले, पुन्हा सुलटे केले. नफ्तालीला ही गोष्ट माहीत नव्हती. शाळेत इतकी वर्षं जिच्यासोबत डबा खाल्ला त्या मैत्रिणीलाही माहीत नव्हती.

"पहिली मुलगी होती मला," ती म्हणाली. "इथेच, कोल्हापुरात. बारशाची सगळी तयारी झाली होती. आमच्याकडेही इथल्यासारखाच पाळणा बांधतात. शलोमचे काका त्यासाठी अलिबागेहून आले होते. आणि बारशाच्या तोंडावर ती गेली. ताप आला नि गेली. काका जाणते होते. म्हणाले, महिना भरलेला नाही, चटई घालायची नाही, दिवा लावायचा नाही, कुणी भेटायला यायचं नाही. ते आणि शलोम तिला घेऊन गेले आणि पुरून आले. कुठे पुरली ते मी त्या दिवशी विचारलं नाही. पुढे विचारायचा धीर झाला नाही. शलोम चांगला माणूस होता. न बोलणं म्हणजेच माया, असं त्याला वाटायचं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी? पोळ्या लाटल्या. काका जेवायचे होते ना."

हे सांगताना तिला रडू आलं नाही. राग आला. काकांचा नाही, शलोमचाही नाही. त्या दिवशी आपण पोळ्या लाटल्या, आणि त्या चांगल्या गोल झाल्या, याचा तिला इतक्या वर्षांनी संताप आला. तो संताप घेऊनच ती उठली. ताट उचलून तिने खोलीबाहेर जिन्याच्या कठड्यावर ठेवलं. परत येऊन, पलंगाचा आधार घेत, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना न जुमानता ती फरशीवर बसली.

"मरण झालं की आमच्यात खाली बसतात," ती म्हणाली. "आणि अंगावरचं वस्त्र फाडतात."

तिने पदराचा काठ दोन्ही हातांत धरला. सुती साडी, जुनी, पण काठ चिवट. तिने तो दातांत धरून ओढला, तेव्हा कुठे फाटला. इतक्या उशिरा असं करायचं असतं का, हे विचारायला आता कोणी काका उरले नव्हते. असते तरी तिने विचारलं नसतं.

अबेना बघत राहिली. मग ती भिंतीवरून घसरत खाली आली, रिबकाच्या समोर बसली, आणि त्या पांढऱ्या झग्याच्या गळ्यात हात घालून तिने तो छातीवरच्या पट्टीपर्यंत फाडला. आणि रडली. काय रडली! दोन दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. रिबकाने तिला जवळ ओढलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. "रड," ती मराठीतच म्हणत राहिली, "रड माझ्या बाळा, रड." आपणही रडतो आहोत हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने तेही थांबवलं नाही.

जिना धापा टाकत वाजला. तानाबाई दारात आली.

"काय झालं वो बाई? खालपतुर आवाज... आन् कापडं कुनी फाडली?"

तानाबाईने दोघींकडे पाहिलं. तिने पदराने घाम पुसला आणि ती दाराशीच भिंतीला पाठ लावून खाली बसली. दुसरं हुईल, असं ती त्या दिवशी पुन्हा म्हणाली नाही.

बऱ्याच वेळाने अबेना उठून बसली. नाक पुसलं. रिबकाने तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"उद्या नाव काय ठेवणार होता?"

"ते आता घ्यायचं नाही. क्वाकूच्या वडिलांचं नाव होतं. ते परत ठेवून द्यायचं, पुढच्यासाठी."

"मग याला काहीच नाही?"

"एक आहे," अबेना सावकाश म्हणाली. "आमच्यात प्रत्येकाला वाराचं नाव असतं. ते कोणी देत नाही. ज्या वारी येतो त्या वाराचं नाव घेऊनच जीव येतो. मी मंगळवारची, म्हणून अबेना. नवरा बुधवारचा, म्हणून क्वाकू. माणसांनी दिलेलं नाव माणसं परत घेतील. वाराचं कसं घेणार?" तिने डोळे मिटले. "तो शुक्रवारी आला. शुक्रवारचा मुलगा कोफी."

एकदा म्हटल्यावर तिला धीर आला. "कोफी," ती पुन्हा म्हणाली, आता मोठ्याने, शेजारच्या खोलीत कुणी असतं तर त्याने ओ दिली असती इतक्या मोठ्याने. "कोफी."

मग ती रिबकाकडे वळली. "तुमची कुठल्या वारी आली होती?"

रिबका चमकली. ती कशी दिसायची, किती जगली, कशाने गेली, यातलं काहीही तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. मग वार कोण विचारणार? पण आठवायला तिला क्षणही लागला नाही. शुक्रवारी सांजेला शब्बाथच्या मेणबत्त्या लावताना कळ आली होती आणि सकाळी, उन्हं खिडकीत येताना, पोर झाली होती. आमची पोरगी सुट्टीचा वार बघून आली, असं शलोम नर्सला म्हणाला होता. तो त्या दिवशी किती हसत होता, हे तिला आत्ता, या फरशीवर बसल्यावर आठवलं.

"शनिवारी."

"मुलगी, शनिवारची," अबेना म्हणाली. तिने रिबकाचा हात हातात घेतला. "मग नाव आहे तिला, आंटी. पहिल्यापासून आहे. अमा."

रिबकाने फाटका पदर खांद्यावर घेतला आणि म्हणून पाहिलं.

"अमा."

इंग्रजीतलं काही न समजलेली तानाबाई दाराशी जरा पुढे सरकली.

"ह्ये कुनाचं नाव घेतासा बाई?"

"माझ्या थोरलीचं," रिबका म्हणाली.